न चिरलेली कौलं

शहापुरात टिपणीस डॉक्टरांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं कंपाउंडर होतो. त्या काळात ओट्यावर येऊन बसलेली माणसं आता फारशी आठवत नाहीत. चेहरे आठवले तर नावं आठवत नाहीत, नावं आठवली तर आजार आठवत नाहीत. पण कोंडू कुंभार मला अजून जसाच्या तसा दिसतो. कोपऱ्यातल्या खांबाशी उकिडवा बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, नखांच्या कडांना वाळलेली माती, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मनात जुळवत असलेला.

उत्तर द्यायला त्याला वेळ लागायचा. "ताप कधीपासून आहे?" असं विचारलं की तो आधी बाजार कोणत्या दिवशी झाला ते आठवायचा, मग बाजाराच्या आदल्या दिवशी आपण कुठं होतो ते, आणि मग सांगायचा, "तीन दिस. नाय, चार." डॉक्टर तोपर्यंत पुढच्या माणसाची जीभ बघून मोकळे झालेले असायचे.

त्याचा कुंभारपाडा शहापुरापासून दोन कोसांवर, मुरबाडच्या वाटेला. सात-आठ घरं. पाड्याचा मूळ धंदा गाडगी-मडक्यांचा नव्हे, कौलांचा. आपल्याकडची जुनी नळीची कौलं आता पाहायला मिळत नाहीत म्हणून सांगतो. कुंभार चाकावर मातीची एक लांबट नळी चढवतो. खाली रुंद, वर जरा निमुळती. ती अर्धवट सुकली की दोन्ही बाजूंनी सुरीनं उभी चीर द्यायची. पुरती वाळली की टिचकी मारली, नळी उभी दुभंगते आणि एका नळीची दोन अर्धगोल कौलं होतात. मग ती आव्यात भाजायची. कोंडूच्या बापानं आणि आज्यानं अशीच कौलं करून अर्धं शहापूर शाकारलं होतं.

पुढं रेल्वेनं मंगळुरी कौलं यायला लागली. चपटी, लालभडक, एकासारखी एक. माकडं नाचली तरी हलत नाहीत म्हणून बाजारपेठेतल्या घरांनी एकामागून एक छपरं बदलली. कुंभारपाड्याला कोणी विचारीना. कोंडूचं चाक वर्षातून दोनदा फिरायचं. संक्रांतीच्या सुगडांना आणि अक्षयतृतीयेच्या घटांना. बाकीचे दिवस तो दुसऱ्याच्या खाचरात भात लावायचा, लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा. त्याबद्दल त्याला कुरकुरताना मी ऐकलं नाही. त्याची बायको बाईजा मात्र बोलायची. "चाकावर कोंबड्या बसतात आता," ती म्हणायची.

त्यांना एकच मुलगी, रंगू. ती मुरबाडकडच्या एका गावात दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण सासरी झालं आणि मूल गेलं. ती स्वतःही जेमतेम वाचली. महिनाभरानं कोंडूनं तिला गाडीत घालून दवाखान्यात आणली तेव्हा तिच्या अंगात ताप होता आणि ती भिंतीकडं तोंड करून पडायची. डॉक्टरांनी तिला बरी केली. ती निघाली तेव्हा ते कोंडूला म्हणाले, "पुढच्या खेपेला घरी नाही ठेवायचं. इथं आणायचं. मी खोली बांधतोय."

आणि त्यांनी खरोखरच बांधली. १९४२ सालच्या दिवाळीनंतर त्यांनी शेजारचं रिकामं घर घेतलं, मधली भिंत फोडून दार काढलं आणि मागच्या अंगाला बाळंतपणाची खोली केली. खाली शहाबादी फरशी, दोन लोखंडी खाटा, मोठी खिडकी आणि पूर्वेच्या भिंतीला चिनी मातीचं पांढरंशुभ्र बेसिन. ते मुंबईहून गवतात गुंडाळून आणलं होतं. वर पत्र्याची छोटी टाकी, तिला पितळेची तोटी. भागीरथीबाई म्हणून आमच्याकडं शिकलेल्या सुईणबाई होत्या. त्या रोज सकाळी टाकी भरायच्या आणि ते बेसिन देवाच्या भांड्यासारखं घासायच्या. "हात धुतल्याशिवाय कोणी बाळंतिणीजवळ जायचं नाही," हा डॉक्टरांचा नियम. आम्ही दिवसातून वीसदा हात धुवायचो आणि धुतलेलं पाणी कुठं जातं याचा विचार कोणी करत नव्हतं.

ते जात होतं जुन्या घराच्या मोरीच्या वाटेनं. बेसिनच्या नळीचं टोक गवंड्यानं तिथल्या दगडी पन्हळीत सोडलं होतं. पन्हळ भिंतीखालून बाहेर पडायची आणि पूर्वेच्या मोकळ्या जागेत संपायची. जुन्या घरात दोन माणसं राहायची, तेव्हा ते चाललं. पण त्या मोकळ्या जागेपासून दहा-बारा हातांवर आळीची विहीर होती.

फाल्गुनात एके दिवशी आळीतल्या ताराबाई तरातरा दवाखान्यात आल्या. हातात झाकलेली वाटी. मला वाटलं, कोणासाठी पेज आणली असेल. त्यांनी वाटी डॉक्टरांच्या टेबलावर आपटली.

"हुंगा," त्या म्हणाल्या.

"काय आहे?"

"वरण आहे. तुमच्या फिनेलचा वास येतोय त्याला. तीन दिवस घरात कोणी जेवलं नाय धड."

डॉक्टरांनी हुंगलं, मलाही हुंगायला दिलं. मला हिंगाचा वास आला. डॉक्टर मात्र गंभीर झाले. त्यांनी बाजारातून नीळ आणवली, दोन बादल्या पाण्यात कालवून बेसिनमध्ये ओतली आणि मला सांगितलं, "कमळाकर, रोज सकाळी विहिरीचं पाणी काचेच्या पेल्यात काढून मला दाखवायचं."

पहिल्या दिवशी पाणी स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पेला पांढऱ्या कागदापुढं धरला. अगदी पुसट, पण निळं होतं.

त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत. त्या बेसिनमध्ये फक्त फिनेल जात नव्हतं. पुवाळलेल्या जखमा धुतलेलं पाणी जात होतं, बाळंतिणीचं रक्त जात होतं. आळीतली पन्नास-साठ माणसं ते पीत होती. डॉक्टर स्वतः घरोघर गेले, हात जोडून सगळं सांगितलं आणि पाणी उकळून प्यायला सांगितलं. विहीर उपसून घेतली, पन्हळीचं भोक दगड-चुन्यानं बुजवलं, आणि बाळंतपणाच्या खोलीला कुलूप घातलं.

"पाणी वळवायला पाहिजे," ते म्हणाले. "पूर्वेला नाही, पश्चिमेला. फरशीखालून नळ काढायचा आणि परसाच्या टोकाला केळी लावल्यात तिथं न्यायचा. चाळीस हात होईल."

सांगायला सोपं होतं. पण युद्ध चाललेलं. लोखंडावर कंट्रोल, सिमेंटवर कंट्रोल. मुंबईला दोन माणसं पाठवली, कल्याणला मी स्वतः जाऊन आलो. बिडाचा नळ चाळीस हात सोडा, चार हात मिळेना. उघडं गटार काढावं तर ते खोलीच्या मधून जाणार. बाळंतिणीच्या खाटेखालून!

कोंडू आला तो या सगळ्यात. चैत्र नुकताच लागला होता. रंगूला पुन्हा दिवस गेले होते, सातवा सरत आला होता आणि कोंडूनं तिला माहेरी आणली होती. तो विचारायला आला होता, कधी आणून ठेवायची. खोलीचं कुलूप बघून तो खांबाशी बसला.

डॉक्टर चिडलेलेच होते. "खोली बंद आहे, कोंडू. पाणी काढायला नळ नाही. नळ मिळेपर्यंत मी तिथं कोणाला घेणार नाही. रंगूला ठाण्याला न्यायची सोय बघ."

कोंडू बसून राहिला. बराच वेळ. मी दोन पुड्या बांधल्या, एका मुलाच्या कानात औषध घातलं, तरी तो बसलेला. मग उठून माझ्याजवळ आला.

"कमळाकरभाऊ, नळ म्हंजी किती रुंद?"

मी बोटांनी दाखवलं. "मनगट आत फिरेल एवढा."

"आन्‌ लांबीला अखंडच पायजे? का जोडलेला चालतो?"

"सगळे नळ जोडलेलेच असतात रे."

त्यानं मान हलवली आणि तो निघून गेला.

घरी काय झालं ते बाईजानं मला पुढं सांगितलं. तो आला, चाकावरच्या कोंबड्या हाकलल्या आणि माती मळायला बसला. दिवस कलायच्या आत त्यानं पाच-सहा नळ्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी त्या अर्धवट सुकल्यावर सवयीनं बाईजा सुरी घेऊन चिरायला बसली, तर त्यानं तिचा हात धरला.

"नको चिरू."

"मंग कौलं कशी व्हायची?"

"कौलं नाय करायची."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं एक नळी उचलली आणि तिचं निमुळतं तोंड दुसरीच्या रुंद तोंडात सरकवलं. ती दोन बोटं खोल आत गेली आणि घट्ट बसली.

"येवढंच?" बाईजा म्हणाली. "आपल्या बापजाद्यांनी हेच केलं की, आन्‌ मंग फोडलं!"

आठ दिवसांनी तो भाजलेल्या तीन नळ्या फडक्यात बांधून घेऊन आला. डॉक्टरांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, एकमेकींत घातल्या, काढल्या. त्यांचे डोळे चमकले आणि लगेच विझले.

"कोंडू, अरे माठ कशानं गार होतो? पाझरतो म्हणून. ही तुझी नळीही पाझरणार. मग विहीर काय आणि केळी काय, सगळं जमिनीतच."

कोंडूनं नेहमीप्रमाणं वेळ घेतला. मग म्हणाला, "आव्यात मधोमध जी नळी असते ना डाक्टर, ती जास्त जळते. काळी पडते. कौलाला ती आमी टाकून देतो, वाकडी होती म्हनून. पन ती पाझरत नाय. वाजवली तर टण्‌ वाजते, लोखंडावानी."

"अशा किती निघतात?"

"धाला एक."

"मला पन्नास लागतील."

"मंग आवा तसाच लावावा लागंल," कोंडू म्हणाला. "सगळाच मधोमध."

त्यानं ते कसं केलं ते मी एकदा जाऊन पाहिलं. नेहमीचा आवा गोवऱ्या आणि भाताच्या तुसाचा. यावेळी त्यानं खैराची लाकडं घातली, आवा रुंद न रचता अरुंद आणि उंच रचला आणि वरून चिखलाचा जाड थर दिला. पहिल्या खेपेला शंभरावर नळ्या होत्या. चाळीस फुटल्या, काही इतक्या वाकल्या की गाईच्या शिंगासारख्या दिसत होत्या. ज्या नीट निघाल्या त्यांतली एकेक त्यानं उभी केली, खालचं तोंड चिखलानं बंद केलं, आत काठोकाठ पाणी भरलं आणि तिला कोरड्या राखेच्या थरावर ठेवली. एक अख्खा दिवस. संध्याकाळी नळी उचलायची आणि खालच्या राखेवर हात फिरवायचा. राख भुरभुरली तर नळी पास. बोटाला चिकटली तर बाजूला.

अंगणभर राखेचे गोल आणि त्यावर पाण्यानं भरलेल्या काळ्या नळ्या. रंगू पोट सांभाळत त्यांच्यामधून फिरायची आणि वाकवत नव्हतं म्हणून बसून राख चाचपायची. "बा, ही कोरडी," ती ओरडायची. "बा, हीबी कोरडी!" त्या खेपेला एकोणतीस पास झाल्या. बाकीच्यांसाठी पुन्हा माती, पुन्हा चाक, पुन्हा आवा.

इकडं डॉक्टरांनी महिपत गवंड्याला बोलावलं होतं. महिपत वयानं मोठा, तालुक्यात मान असलेला माणूस. तानशाचं पाणी मुंबईला नेणाऱ्या मोठ्या नळावर त्यानं उमेदीत काम केलं होतं आणि ते तो कोणाला विसरू देत नसे. त्या नळाखालचे दगडी टेकू त्यानं बांधले होते, नळाला त्याचा हात लागला नव्हता, ही गोष्ट वेगळी. पण माणूस कामाला चोख. फरशा त्यानं एकही न फोडता उचलल्या, चर खणला आणि दोन हातांना एक बोट असा उतार पाण्याच्या परातीनं आणि दोरीनं असा काही धरला की बघत राहावं.

कोंडूनं पहिल्या नळ्या गाडीतून आणून दिल्या आणि दुसरा आवा लावायला तो परत गेला. त्यामुळं नळ्या बसवल्या त्या दोन दिवसांत तो तिथं नव्हता. डॉक्टरही मुरबाडला देवीची लागण झाली म्हणून गेले होते. तिसऱ्या दिवशी कोंडू उरलेल्या नळ्या घेऊन आला तेव्हा खोलीतला सगळा चर भरत आला होता. परसातला मात्र उघडा होता. महिपत नळ्यांच्या सांध्यांवर चुना आणि विटांच्या पुडीचा गिलावा चढवत होता.

कोंडू चराच्या काठाशी उभा राहिला. बघत राहिला. मला वाटलं, आपलं काम बघून खूश झाला असेल. मग माझ्या लक्षात आलं की त्याच्या मानेची शीर उडतेय.

"महिपतदादा," तो म्हणाला, "ह्या उलट्या लागल्या."

महिपतनं वर पाहिलंसुद्धा नाही. "काय उलटं?"

"रुंद तोंड केळीकडं केलंय तुमी. ते खोलीकडं पायजे."

"छपरावर वरचं कौल खालच्याच्या अंगावर बसतं का नाय? तसंच केलंय."

"ते पालथ्या कौलाचं झालं दादा. पाणी त्याच्या पाठीवरून जातं. हितं पोटातून जायाचंय. ते पुढच्या नळीच्या काठाला आडंल आन्‌ सांध्यात शिरंल."

महिपत थापी ठेवून उभा राहिला. "कोंडू, तानशाच्या नळावर काम केलंय मी. तू मडकी कर."

दुसरा कोणी असता तर आवाज चढला असता. कोंडूचा आवाज उलट खाली गेला. इतका, की मला जवळ जावं लागलं. पण तो तिथून हलला नाही. मी त्याला ओळखत होतो त्या सगळ्या वर्षांत त्यानं कोणाचं म्हणणं खोडून काढलेलं मी पाहिलं नव्हतं. घाम फुटला होता त्याला.

"कमळाकरभाऊ," तो म्हणाला, "यक बादली वता. निळीची. मी पल्याड दुसरी बादली धरतो."

मी नीळ कालवली. खोलीतल्या तोंडाशी बादली ओतली, सावकाश, बेसिनमधून जाईल तशी. परसात ओळ संपत होती तिथं कोंडू चरात उतरून शेवटच्या नळीखाली रिकामी बादली धरून बसला होता. महिपत मध्ये उभा, हात कमरेवर.

पाणी आलं. धार लागली, धार बारीक झाली, थेंब झाले. कोंडूनं बादली वर उचलून दिली. निम्मीसुद्धा भरली नव्हती. आणि महिपतच्या पायाशी, उघड्या चरात, एकेका सांध्याखाली मातीला निळे डाग उमटत होते.

महिपतनं ते डाग पाहिले. थापी धुतली, पंचा खांद्यावर टाकला आणि फाटकातून निघून गेला.

मला भलतीच भीती वाटली. डॉक्टर नाहीत, गवंडी गेला, खोलीचा तळ उघडा पडलेला, आणि चुना सुकला म्हणजे नळ्या सांध्यातून सुटणार नाहीत. कोंडूला मी विचारलं, "आता?"

"चुना वलाय तंवर काढायच्या," तो म्हणाला आणि चरात उतरला.

त्यानं त्या दुपारी जेवण केलं नाही. खोलीतली भरलेली माती हातांनी उपसली. एकेक सांधा बोटांनी मोकळा केला, प्रत्येक नळी हौदावर नेऊन धुतली, फडक्यानं पुसली, वाजवून बघितली. काही तडकल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. दिवे लागायच्या सुमाराला सगळ्या नळ्या परसात ओळीनं मांडलेल्या होत्या, रुंद तोंडं सगळी एकीकडं. चुन्यानं त्याच्या बोटांची सालं निघाली होती. मी मलम लावून दिलं तर म्हणाला, "उद्या परत चुन्यातच घालायचीत, भाऊ. ऱ्हाऊ द्या."

"चुना कालवता येतो तुला?"

त्यानं विचार केला. "नाय," तो म्हणाला.

सकाळी मी दवाखाना उघडायला आलो तर परसातून घमेल्यात फावडं फिरल्याचा आवाज येत होता. महिपत. लुगदीसारखा चुना कालवून तयार, बाजूला तागाच्या दोऱ्या भिजत टाकलेल्या. कोंडू त्याच्यासमोर उभा, पोरासारखा.

"बघतोस काय?" महिपत त्याला म्हणाला. "नळी तू लाव, सांधा मी भरतो. तोंड कुठं करायचं ते मला इचारू नको. चुना कसा घालायचा ते तू मला शिकवू नको."

"व्हय दादा," कोंडू म्हणाला.

त्या दोघांनी निळी झालेली माती खरवडून टाकली आणि दोन दिवसांत ती ओळ घातली. नळी सरकवायची, तागाची दोरी चुन्यात बुडवून सांध्यात कोंबायची, वर गिलावा. महिपत मधूनमधून परातीतलं पाणी बघून उतार तपासायचा. दुपारी दोघं केळीच्या सावलीत बसून एकाच फडक्यातली भाकरी खायचे. काय बोलायचे ते मला ऐकू आलं नाही. बोलत असतील तर महिपतच बोलत असणार.

डॉक्टर परत आले तेव्हा आम्ही चर उघडाच ठेवला होता. चुना पाच दिवस ओल्या गोणपाटाखाली मुरू दिला, दोन दिवस सुकू दिला आणि मग पुन्हा नीळ. या खेपेला डॉक्टरांनी स्वतः ओतली. मी टोकाला बादली धरून बसलो. वर काठावर कोंडू आणि महिपत. ताराबाईही आल्या होत्या, न बोलावता, पदर खोचून.

भरलेली बादली मी वर दिली. डॉक्टरांनी तिच्यात पाहिलं, मग ओतलेल्या बादलीत पाहिलं. मग स्वतः धोतर सावरून चरात उतरले आणि ओळीनं एकेक सांध्याखालची माती बोटानं उकरत गेले. चाळीस हात. माती पांढरीपिवळी, कोरडी. टोकाला पोचल्यावर ते मागं वळून कोंडूला म्हणाले, "अरे, कोरडी आहे."

 महिपतनं कोंडूच्या पाठीत थाप मारली, जरा जोरातच.

तरी डॉक्टरांनी घाई केली नाही. चर बुजवला, फरशा बसवल्या. रोज दोन बादल्या निळीचं पाणी बेसिनमध्ये जाऊ लागलं आणि रोज सकाळी मी विहिरीचा पेला कागदापुढं धरू लागलो. एक दिवस, तीन दिवस, आठ दिवस. नवव्या दिवशी ताराबाई म्हणाल्या, "पुरे झालं आता तुमचं कौतुक," आणि माझ्या हातातला पेला घेऊन सगळं पाणी पिऊन टाकलं. डॉक्टर खो खो हसले. त्यांना असं हसताना मी दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी खोलीचं कुलूप काढलं आणि किल्ली खिशात न ठेवता खिळ्याला अडकवली.

रंगूला ज्येष्ठाच्या सुरुवातीला आणली. सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपार टळली तरी काही होईना. बाईजा दाराशी बसून पदर पिळत होती. कोंडू खांबाशी. तो एकदाही उठला नाही, पाणीसुद्धा प्यायला नाही. आतून भागीरथीबाईंचा आवाज यायचा, तोटी सोडल्याचा आवाज यायचा, पुन्हा शांत. प्रत्येक वेळी तोटी सुटली की कोंडूचं डोकं तिकडं वळायचं. मी त्याच्याशी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "होईल रे." त्यानं मान हलवली.

चारच्या सुमाराला मूल रडलं. चांगलं मोठ्यानं रडलं.

डॉक्टर बाहेर आले, कपाळ पुसत. "मुलगी आहे. दोघी ठीक आहेत. जा, बघ."

बाईजा आत पळाली. कोंडू उठला, दोन पावलं गेला आणि उंबऱ्याशी थांबला. भागीरथीबाईंनी त्याला आत घेतलं, पण मुलीला हात लावू देईनात. "आधी हात," त्या म्हणाल्या आणि बेसिनकडं बोट केलं.

त्या बेसिनशी तो कधी उभा राहिला नव्हता. नळ त्यानं घातला होता, पण हात धुवायचा तो बाहेर हौदावर. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं, त्या पांढऱ्या भांड्याकडं पाहिलं, आणि मला म्हणाला, "काळं होईल की ते."

"होऊ द्या," भागीरथीबाई म्हणाल्या. "मी घासते रोज."

त्यानं हात पुढं केले. मी तोटी सोडली, साबण दिला. मातीचं तांबूस पाणी भांड्यातून गोल फिरून खाली गेलं. त्यानं मान वाकडी करून कान भिंतीकडं नेला, जरा वेळ तसाच राहिला.

"कुठं काय आईकू येत नाय," तो म्हणाला.

"नाही येणार," डॉक्टर मागून म्हणाले. "दुसऱ्यांदा धू. कोपरापर्यंत."

त्यानं कोपरापर्यंत धुतले. भागीरथीबाईंनी फडक्यातली मुलगी त्याच्या ओल्या हातांवर ठेवली. रंगू खाटेवरून हसत होती, थकलेली, पण चांगली जागी. "बा," ती म्हणाली, "धर नीट, नळी नाय ती." बाईजा हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. कोंडूचे खांदे खाली आले. मला तेव्हा समजलं की चैत्रापासून ते वर ओढलेलेच होते.

त्यानंतर कोंडूला काम मिळालं. युद्ध संपेपर्यंत लोखंड काही सुटलं नाही, आणि शहापुरात ज्यांच्या मोऱ्या विहिरींकडं वाहत होत्या त्यांना ताराबाईंनी घरी बसू दिलं नाही. मुरबाडच्या धर्मशाळेचं पाणी त्यानं वळवलं, नदीकाठच्या दोन-तीन घरांचं वळवलं. कुंभारपाड्यातल्या आणखी दोन घरांची चाकं फिरायला लागली. महिपत आणि तो जोडीनंच जायचे. नवीन गिऱ्हाइकाला महिपत आधी तानशाच्या नळाबद्दल सांगायचा आणि कोंडू तोपर्यंत चर कुठून काढायचा ते बघून घ्यायचा. सत्तेचाळीस साली महिपतला कमी दिसायला लागलं. तेव्हापासून उतार धरताना कोंडू त्याचा हात धरून परातीच्या कडेला लावायचा आणि विचारायचा, "बरोबर हाय का, दादा?" महिपत पाण्यावर बोट टेकवून सांगायचा.

रंगूच्या मुलीचं नाव शकू ठेवलं. जन्मानंतर बाराव्या दिवशी त्यांची गाडी निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. बाईजा मुलीला मांडीवर घेऊन बसली होती, रंगू तिला टेकून. कोंडू बैलांच्या पुढं चालत होता. बाजारपेठेच्या वळणावर कोणीतरी त्याला हाक मारून काहीतरी विचारलं. तो थांबला, उभा राहिला, विचार करत राहिला, आणि मागं बाईजा ओरडली, "आवो, चला की आता, पोर उन्हात हाय!"